अठरा इंचांचा कायदा

विज्ञानाच्या तासाला व्याख्या पाठ करून घेण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. धातू म्हणजे काय, आम्ल म्हणजे काय, कीटक म्हणजे काय, असे प्रश्न आपण विचारतो आणि ठरावीक वाक्यांत उत्तर मिळाले की समाधान मानतो. एखादा चौकस विद्यार्थी मध्येच विचारतो, "सर, धातू घन असतात म्हणता, मग पारा?" तेव्हा आपण 'अपवाद' हा शब्द वापरून पुढे जातो. वर्गात व्याख्या ढिली राहिली तर फार तर एखादा गुण जातो. पण व्याख्या कायद्यात लिहिलेली असेल तर? तेथे एका शब्दावरून माणूस तुरुंगात जातो किंवा सुटतो. कधी कधी त्याच शब्दावर अनेकांचे प्राणही अवलंबून असतात.

या लेखात आपण अशाच काही व्याख्यांचा इतिहास पाहणार आहोत. त्या आहेत बंदुकीत फेरफार करण्यासंबंधीच्या कायद्यांतल्या, आणि बहुतेक अमेरिकेतल्या. शिक्षकांच्या मासिकात बंदूक कशाला, असे कोणाला वाटेल. पण बंदूक हे शेवटी एक यंत्र आहे. यंत्राचे वर्गीकरण कसे करायचे, मोजमाप कोठून कोठपर्यंत करायचे, एखादी वस्तू बदलत गेली तर ती नेमकी कोणत्या क्षणी 'दुसरी' वस्तू होते, हे प्रश्न विज्ञानाचेच आहेत. ते सोडवायची वेळ मात्र वकील आणि न्यायाधीशांवर आली.

बाप आणि मुलगा

गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा बंदूक मागे ढकलली जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे उदाहरण म्हणून आपण हे वर्गात सांगतोच. शेकडो वर्षे हा दणका नेमबाजाच्या खांद्यालाच सोसावा लागत होता. १८६२ साली गॅटलिंगने पेटंट घेतलेली तोफवजा बंदूक भराभर गोळ्या झाडत असे, पण त्यासाठी माणसाला हाताने दांडा फिरवावा लागे. १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये राहणाऱ्या हायरम मॅक्सिम या जन्माने अमेरिकन असलेल्या संशोधकाने वाया जाणारा हा दणकाच कामाला लावला. एक गोळी सुटली की तिच्या दणक्याने रिकामे काडतूस बाहेर पडे, नवे आत येई आणि पुढचा बार उडे. चाप दाबून धरला की बंदूक स्वतःच झाडत राही. मशीनगन म्हणतात ती हीच.

त्याचाच मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. बापाने मोठा आवाज करणारे यंत्र बनवले, तर मुलाने आवाज दाबणारे. १९०९ साली त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. नळीतून एकदम सुटणाऱ्या तप्त वायूंना टप्प्याटप्प्याने प्रसरण पावू द्यायचे, म्हणजे आवाजाचा कडाका कमी होतो, हे त्यामागचे तत्त्व. मोटारसायकलीचा सायलेन्सरही मुळात हेच काम करतो. हौशी रेडिओचालकांची अमेरिकेतली मोठी संघटना १९१४ साली उभी करण्यातही याच मुलाचा पुढाकार होता, हे विज्ञानशिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईसाठी जनरल जॉन थॉम्पसन यांनी एका माणसाला हातात धरून चालवता येईल अशी स्वयंचलित बंदूक तयार करवून घेतली. पण ती तयार होईपर्यंत युद्ध संपले. १९२१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा अमेरिकेत दारूबंदी सुरू होती. १९२० ते १९३३ या काळात चोरट्या दारूच्या धंद्यावर टोळ्या पोसल्या गेल्या, आणि सैन्यासाठी बनवलेली ही बंदूक त्यांच्या हाती पडली.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीपाशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी काहींनी पोलिसांचा गणवेश घातला होता. म्हणून या गोळ्या खुद्द पोलिसांच्याच बंदुकांतून सुटल्या की काय, अशी शंका घेतली गेली. कॅल्व्हिन गॉडार्ड या तज्ज्ञाने तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या आणि रिकामी काडतुसे यांवरचे ओरखडे तपासले आणि पोलिसांच्या बंदुका त्यात नव्हत्या असे दाखवून दिले. दोन वस्तू एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारी शेजारी दाखवणारे हे साधे उपकरण पुढे गुन्हे तपासाच्या प्रयोगशाळेत कायमचे जाऊन बसले.

मुख्य दार उघडे, खिडकीला गज

१५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामी येथे निर्वाचित अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळीबार झाला. ते वाचले, पण शिकागोचे महापौर अँटन सर्मॅक जखमी झाले आणि ६ मार्च रोजी मरण पावले. पुढच्या वर्षी रूझवेल्ट सरकारचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी संसदेपुढे बंदुकांविषयीचे विधेयक मांडले. २६ जून १९३४ रोजी त्याचे 'राष्ट्रीय बंदूक कायद्या'त रूपांतर झाले.

या कायद्याची रचना जरा चमत्कारिक आहे. त्याने कोणत्याच शस्त्रावर थेट बंदी घातली नाही. केंद्र सरकारला अशी बंदी घालण्याचा अधिकार घटनेने दिला आहे की नाही, याबद्दल खात्री नव्हती. कर बसवण्याचा अधिकार मात्र निःसंशय होता. म्हणून कायद्याने ठरावीक प्रकारच्या बंदुका बनवण्यावर आणि एकाकडून दुसऱ्याकडे देण्यावर २०० डॉलरचा कर लावला व नोंदणी सक्तीची केली. त्या काळी थॉम्पसन बंदुकीची किंमतही साधारण तेवढीच होती. म्हणजे वस्तू जेवढ्याची, कर तेवढाच. १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कर वैध ठरवला.

कर कशावर? मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुका यांवर. आखूड म्हणजे १८ इंचांपेक्षा कमी, अर्थात सुमारे ४५.७ सेंटिमीटरपेक्षा कमी. ही तिसरी बाब कोठून आली, हे पाहणे उद्बोधक आहे. मूळ विधेयकात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचाही समावेश होता. खिशात लपवता येणारे शस्त्र हेच गुन्हेगाराचे खरे शस्त्र, असा विचार त्यामागे होता. पण पिस्तुलावर बंधन आले, तर लोक लांब बंदूक करवतीने कापून तिचेच पिस्तूल करतील, ही पळवाट बुजवण्यासाठी नळीच्या लांबीची अट घालण्यात आली. पुढे चर्चेत विरोध झाला आणि पिस्तूल व रिव्हॉल्व्हर विधेयकातून वगळले गेले. पळवाटेवरची अट मात्र तशीच राहिली. मुख्य दार उघडेच राहिले आणि खिडकीला गज बसले! तेव्हापासून त्या देशात छोटे पिस्तूल बाळगणाऱ्याला या कायद्याचा त्रास नाही. पण लांब बंदूक थोडी कापून, पिस्तुलाच्या मानाने पुष्कळ लांब ठेवली, तरी तो गुन्हा होऊ शकतो. कायद्यातले एखादे कलम विसंगत वाटले तर त्याचा इतिहास शोधावा. सजीवांच्या शरीरातील निरुपयोगी वाटणाऱ्या अवयवांप्रमाणे, तेही पूर्वीच्या एखाद्या गरजेची खूण असते.

अठराच का?

या लांबीचा पहिला मोठा खटला १९३९ चा. जॅक मिलर आणि फ्रँक लेटन या दोघांवर ओक्लाहोमातील क्लेअरमोर येथून अर्कान्सामधील सायलोम स्प्रिंग्ज येथे १८ इंचांपेक्षा आखूड नळीची छऱ्याची बंदूक नेल्याचा आरोप होता. शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्कावर हा कायदा अतिक्रमण करतो, असे म्हणून खालच्या न्यायालयाने आरोप फेटाळला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे मिलरच्या बाजूने कोणी वकील उभा राहिला नाही, की लेखी म्हणणेही सादर झाले नाही. निकालापूर्वी, एप्रिलमध्ये, मिलरचा खून झाला. १५ मे १९३९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला: अशा आखूड बंदुकीचा नागरी सैन्याच्या कार्यक्षमतेशी काही संबंध आहे, असा पुरावा आमच्यापुढे नाही, म्हणून तिला घटनेचे संरक्षण आहे असे म्हणता येत नाही. एकाच बाजूचे म्हणणे ऐकून झालेला हा निर्णय पुढे जवळजवळ ७० वर्षे या विषयातील मुख्य आधार मानला जात होता.

पण अठराच इंच का? सतरा का नाही? आपण तीन देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवू. अमेरिकेत छऱ्याच्या बंदुकीसाठी १८ इंच आहेत. रायफलीसाठी १९६० साली तीच मर्यादा १६ इंचांवर आणण्यात आली. ब्रिटनमध्ये १९३७ च्या कायद्यात २० इंच होते आणि १९६८ च्या कायद्यात २४ इंच आहेत. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुळगुळीत नळीच्या बंदुकीसंबंधी २० इंचांचा उल्लेख येतो. दारूचे ज्वलन आणि वायूंचे प्रसरण तिन्ही देशांत एकाच नियमांनी होते. मग आकडे वेगळे का? कारण हे आकडे निसर्गातून आलेले नाहीत. ते ठरवलेले आहेत.

आपल्या रोजच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. ३५ गुणांना विद्यार्थी पास होतो आणि ३४ ला नापास. त्या एका गुणाने त्याच्या ज्ञानात कोणताही गुणात्मक फरक पडत नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. तरीही कोठेतरी रेषा ओढावी लागते, आणि एकदा ओढली की ती सर्वांना सारखी लावावी लागते. पाण्याचा उत्कलनबिंदू आणि परीक्षेतील उत्तीर्णांक यांत हाच भेद आहे. पहिला सापडतो, दुसरा ठरवला जातो. विद्यार्थ्यांच्या मनात या दोन प्रकारच्या संख्यांची सरमिसळ होते, आणि ती दूर करण्याची संधी आपण क्वचितच घेतो.

रेषा ओढली की मोजण्याचा प्रश्न येतोच. नळीची लांबी कोठून मोजायची? बाहेरून दिसते तेथून, की आतून? अमेरिकेत नियम असा की बंदूक बंद करून, नळीच्या मागच्या बाजूस काडतूस जेथे टेकते त्या पृष्ठभागापासून तोंडापर्यंत मोजायचे. तोंडावर एखादा भाग कायमचा जोडलेला असेल तर तो लांबीत धरायचा. फिरवून काढता येत असेल तर धरायचा नाही. मोजपट्टीचा शून्य कोठे ठेवायचा हा प्रश्न आपण पाचवीच्या मुलांना विचारतो, तोच येथे कैद आणि मुक्तता यांमध्ये उभा आहे.

मिश्रण की संयुग?

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. सुटे भाग कायदेशीर असतील, पण ते जोडून बेकायदा वस्तू होत असेल, तर ती वस्तू 'बनली' असे केव्हा म्हणायचे?

थॉम्पसन/सेंटर आर्म्स या कंपनीने एक पिस्तूल आणि त्याबरोबर वापरायचा जोडसंच विक्रीस काढला. पिस्तुलाची नळी १० इंचांची. संचात खांद्याला टेकवायचा दस्ता आणि २१ इंचांची नळी. दस्ता व लांब नळी दोन्ही बसवले की कायदेशीर रायफल तयार होते. काहीच बसवले नाही तर कायदेशीर पिस्तूल राहते. पण दस्ता बसवून नळी मात्र १० इंचांचीच ठेवली, तर ती आखूड नळीची रायफल होते आणि कराच्या कक्षेत येते. सरकारचे म्हणणे, असा संच एकत्र दिला म्हणजेच आखूड रायफल बनवली. कंपनीने २०० डॉलर भरले आणि ते परत मागण्यासाठी दावा लावला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. कारण असे की या भागांचा एक कायदेशीर उपयोग स्पष्ट आहे. आणि जेथे कायद्याचा अर्थ संदिग्ध असतो व त्यामागे शिक्षेची शक्यता असते, तेथे संशयाचा फायदा नागरिकाला मिळाला पाहिजे.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका बाटलीत भरले म्हणजे पाणी झाले नाही, हे आपण मुलांना शिकवतो. न्यायालयाने म्हटले ते जवळपास असेच. पण चार न्यायाधीशांना ते पटले नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ठाऊक होते का?

तिसरा प्रश्न वस्तूचा नसून माणसाचा आहे. हॅरॉल्ड स्टेपल्स याच्या घरी एक रायफल सापडली. मूळची ती एका वेळी एकच गोळी झाडणारी, पण तिचे काही अंतर्गत भाग बदललेले होते आणि पोलिसांनी चाचणी घेतली तेव्हा ती स्वयंचलितपणे झाडली गेली. स्टेपल्सचे म्हणणे, माझ्याजवळ असताना ती कधी अशी चालली नाही आणि तशी चालू शकते हे मला माहीत नव्हते. खालच्या न्यायालयांनी त्याचे अज्ञान गैरलागू ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा निर्णय फिरवला. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. पण आपल्या हातातील वस्तूचा तो विशिष्ट गुणधर्म आरोपीला माहीत होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे बहुमताने सांगितले.

फेरफाराच्या कायद्यात हा मुद्दा कळीचा आहे. बाहेरून दोन बंदुका हुबेहूब सारख्या दिसतात; फरक आत असतो. काही वेळा तर आतही फरक नसतो, केवळ तारखेचा असतो. १९८६ च्या दुरुस्तीने १९ मे १९८६ नंतर बनलेल्या व नोंदलेल्या मशीनगन सामान्य नागरिकांना मिळणे बंद केले. त्यामुळे एकाच कारखान्यातील, एकाच घडणीच्या दोन बंदुकांपैकी एक कायदेशीर आणि दुसरी बेकायदा असू शकते. नोंदणीचाही एक इतिहास आहे. १९६८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला 'नोंदणी कर' असे सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा दुरुस्त करून ही त्रुटी काढण्यात आली. मशीनगनच्या व्याख्येत संपूर्ण बंदुकीबरोबरच, साध्या बंदुकीची मशीनगन करण्यासाठीच बनवलेले भागही तेव्हा आले.

चापाचे एक कार्य

आता सर्वांत अलीकडच्या आणि सर्वांत वेदनादायक प्रकरणाकडे येऊ. अमेरिकी कायद्यातील मशीनगनच्या व्याख्येचा गाभा असा: हाताने पुन्हा न भरता, चापाच्या एकाच कार्याने, आपोआप, एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र. १९३४ साली हे शब्द लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थॉम्पसन बंदूक होती. चाप दाबून धरला की ती झाडत राही. व्याख्या तिला चपखल बसत होती.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगास येथे एका हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमाला जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला. दहा-अकरा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या सुटल्या. ६० जण मृत्युमुखी पडले. त्यांतील दोघांचा मृत्यू जखमांमुळे नंतरच्या वर्षांत झाला. मारेकऱ्याच्या अनेक रायफलींना 'बंप स्टॉक' नावाचा सरकता दस्ता बसवलेला होता. अशा दस्त्यामुळे गोळीच्या दणक्याने सबंध बंदूक मागे-पुढे सरकते आणि स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप पुन्हा पुन्हा आपटत राहतो. वेग जवळजवळ मशीनगनसारखा. दणक्याला कामाला लावण्याची मॅक्सिमची १८८४ ची कल्पनाच येथे वेगळ्या मार्गाने परत आली होती.

मग ही मशीनगन म्हणायची का? याआधी संबंधित सरकारी खात्याने दहाहून अधिक पत्रांतून 'नाही' असे कळवले होते. हत्याकांडानंतर डिसेंबर २०१८ मध्ये त्याच खात्याने नियम करून 'होय' म्हटले आणि हे दस्ते नष्ट करण्याचा किंवा जमा करण्याचा आदेश दिला. टेक्सासमधील मायकेल कारगिल या दुकानदाराने आपले दोन दस्ते जमा केले आणि नियमाला आव्हान दिले. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम रद्द केला.

निकालपत्र विज्ञानशिक्षकाने जरूर पाहावे असे आहे. बहुमताच्या निकालात चापाच्या अंतर्गत यंत्रणेच्या आकृत्याच दिल्या आहेत. बहुमताचे म्हणणे, चापाचे कार्य म्हणजे यंत्रणेतील त्या सुट्या भागाची हालचाल. प्रत्येक गोळीसाठी चाप मागे जातो, पुढे येतो, पुन्हा मागे जातो. म्हणून एका कार्याला एकच गोळी. ही मशीनगन नव्हे. अल्पमताचे म्हणणे, कार्य पाहायचे ते माणसाच्या बाजूने. त्याने एकदा सुरुवात केली, बंदूक पुढे रेटून धरली आणि गोळ्या सुटत राहिल्या. १९३४ साली ज्याला आळा घालायचा होता ते हेच.

दोन्ही बाजूंना यंत्र कसे चालते यावर मतभेद नव्हता. तथ्ये तीच. मतभेद होता तो कोणत्या चौकटीतून पाहायचे याविषयी. धावत्या गाडीत बसलेल्याला शेजारचा प्रवासी स्थिर दिसतो आणि फलाटावरच्याला तो धावताना दिसतो, हे आपण सापेक्ष गतीच्या धड्यात शिकवतो. तेथे दोन्ही उत्तरे बरोबर असतात, कारण चौकट सांगितलेली असते. कायद्याच्या वाक्यात चौकट सांगितलेली नव्हती. ९० वर्षांपूर्वी ती सांगण्याची गरजच वाटली नव्हती, कारण त्या वेळच्या यंत्रात बोटाची हालचाल आणि चापाची हालचाल एकच होती. नवे यंत्र आले आणि त्या दोन हालचाली वेगळ्या झाल्या. व्याख्येतले गृहीतक उघडे पडले.

न्यायालयाने शब्द ताणायला हवे होते का? येथे दोन बाजूंना दोन भीती आहेत. शब्द ताणू दिले तर कालपर्यंत सरकारने लेखी परवानगी दिलेली वस्तू बाळगणारा नागरिक आज गुन्हेगार ठरतो. शब्द ताणू दिले नाहीत तर व्याख्येच्या कडेने चालणाऱ्या हुशारीला मोकळे रान मिळते, आणि लास वेगासने त्याची किंमत दाखवून दिली आहे. यावर नीट उपाय एकच, तो म्हणजे संसदेने वाक्यच बदलणे. एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र मतात तसे सुचवलेही. संसदेने १९३४ च्या कायद्याला हात घातला तो मात्र निराळ्याच दिशेने: जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुका यांवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगनवरचा कर तसाच ठेवला. ९० वर्षांत महागाई कितीतरी पट वाढली, तरी ही रक्कम एका डॉलरनेही बदलली नव्हती. बदलली ती एकदम शून्य झाली.

आपल्याकडे

आपल्या देशात या कायद्याची कथा वेगळ्या वाटेने आली. १८५७ नंतर इंग्रज सरकारने शस्त्रांवर बंधने घातली आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. युरोपियनांना सूट आणि हिंदी लोकांना परवाना, असा त्यातला भेदभाव राष्ट्रीय चळवळीला फार बोचला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला.

त्याच्या कलम ६ मध्ये फेरफाराचा विषय आहे. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही आणि नकली बंदुकीची खरी बंदूक करायची नाही. येथे इंचांची अट नाही. कापणे हीच कृती गुन्ह्याची. २०१९ च्या दुरुस्तीने यात आणखी एक बाब आली: एका वर्गातल्या बंदुकीचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे. शिक्षाही वाढवण्यात आली. 'नकली'ची व्याख्या तर दिसण्यावरूनच केली आहे: गोळी सुटो वा न सुटो, जे बंदुकीसारखे दिसते ते.

कोकणातील वाचकांना शेती संरक्षणासाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक परिचयाची असेल. तिचा उल्लेख याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे, आणि शेजारीच संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वापरायच्या, निदान २० इंच नळीच्या बंदुकीचा. डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी घेतलेल्या परवान्याने वन्यप्राणी मारण्याची मुभा मात्र मिळत नाही. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

मशीनगनसाठी आपला कायदा 'चापाचे एक कार्य' असे म्हणत नाही. चापावर दाब दिला असता, तो दाब काढेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात असे शस्त्र, अशी त्याची भाषा आहे. ही ब्रिटिश कायद्यातून आलेली आहे. शब्द वेगळे, म्हणजे परीक्षाही वेगळी. हे वाक्य सरकत्या दस्त्याला लागू पडेल का, याचा विचार वरच्या वर्गातील मुलांना करायला सांगावा. चापावरचा दाब प्रत्येक गोळीनंतर निघतो की राहतो, या प्रश्नाशी ती आपोआप येऊन पोचतील.

ब्रिटनने १९८२ साली आणखी एक कसोटी आणली. नकली बंदूक सहज बदलण्याजोगी आहे की नाही, हे कसे ठरवायचे? बदलणाऱ्याला बंदुका बनवण्याचे खास कौशल्य लागत नसेल, आणि घरच्या डागडुजीसाठी लोक सर्रास वापरतात त्याहून वेगळी हत्यारे लागत नसतील, तर ती सहज बदलण्याजोगी. येथे लांबी नाही, यंत्रणा नाही. माणसाचे कौशल्य आणि घरातली हत्यारे हेच माप. अर्थात ज्या हत्यारांचा 'सर्रास' वापर होतो त्यांची यादी काळाबरोबर वाढत जाणार, हे उघड आहे.

वर्गात काय नेता येईल?

एवढ्या इतिहासातून व्याख्या करण्याचे चार मार्ग आपल्याला दिसले: मापाने, घटकांनी, कार्याने आणि हेतू वा जाणिवेने. माप तपासायला सोपे, पण चुकवायलाही सोपे. घटकांची यादी नेमकी असते, पण नवा घटक निघाला की अपुरी पडते. कार्य व्यापक असते, पण ते कोणाच्या बाजूने पाहायचे ते सांगावे लागते. हेतू सर्वांत न्याय्य वाटतो, पण तो सिद्ध करणे सर्वांत कठीण.

हे शिकवायला बंदुकीची मुळीच गरज नाही. मुलांना 'सायकल' या शब्दाची व्याख्या लिहायला सांगावी. मग विचारावे, विजेरीवर चालणारी सायकल ही सायकल की मोटार वाहन? आपल्या मोटार वाहन नियमांत यासाठी २५० वॅटची शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग अशा मर्यादा आहेत. एखाद्याने मोटर बदलून वेग वाढवला, तर बाहेरून तीच दिसणारी सायकल केव्हा वाहन झाली? मोटारसायकलीचा सायलेन्सर बदलून गावभर फटफटाट करणारे वीरही मुलांना माहीत असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनात असे फेरफार करण्यासंबंधी कलम ५२ आहे, हे त्यांना सांगता येईल.

मुलांनी लिहिलेल्या प्रत्येक व्याख्येत दुसऱ्या गटाने पळवाट शोधावी आणि पहिल्याने ती बुजवावी. दोन-तीन फेऱ्यांत वाक्ये लांबत जातात, पोटकलमे येतात, आणि एखादे निरुपद्रवी उदाहरणही जाळ्यात सापडते. मग पाय नसलेल्या माणसाची हाताने चालवायची तीनचाकी सायकल व्याख्येबाहेर गेली, असे कोणाच्या तरी लक्षात येते. तेथे थांबावे, आणि ती व्याख्या लिहिणाऱ्या गटाला विचारावे की आता काय करणार.